जुनं क्लॅरिनेट, नवे पॅड : सोलापुरातल्या दुरुस्तीच्या नोंदी

२६ ऑक्टोबर २०२४

तुळशीचं लग्न लागलं की बँडवाल्यांना बोलायलाही सवड नसते. म्हणून दिवाळीच्या आतच विजापूर वेशीजवळ बँडच्या मास्तरांची खोली गाठली. ते जुनी वाद्यं काढणार आहेत, असं गुरुजींकडून कळलं होतं. आजवर मी गुरुजींच्याच क्लॅरिनेटवर शिकत आले. आता घरी रियाजाला स्वतःचं हवंच आहे, आणि नवं लाकडी वाद्य ज्युनिअर कॉलेजच्या विनाअनुदानित पगारात बसत नाही.

मास्तरांनी दोन वाद्यं पुढे ठेवली. एक निकेलनं लखलखणारं. दुसरं काळपट, चाव्या हिरवट पडलेल्या, जोडांवरची बुचं झडलेली, भोकं झाकणारे पॅड उंदरांनी कुरतडल्यासारखे.

"मॅडम, हे चकचकीत न्या. ते काळं कुठं घेताव?"

चकचकीत आधी पाहिलं. घरून नेलेला माउथपीस लावला आणि सगळी बोटं सोडून वाजवलं. बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा हा मोकळा स्वर पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, पांढरी चारवर यायला हवा. आला तो पांढरी चार आणि काळी तीन यांच्या बरोबर मधे. बॅरलखाली, म्हणजे माउथपीसच्या लगेच खालच्या आखूड तुकड्याखाली, बारीक अक्षरांत 'एच. पी.' असा छाप होता, म्हणजे हाय पिच. ब्रिटिश लष्करी बँड १९२०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत वरच्या पट्टीत वाजत, त्यांचा 'ए' हा स्वर सेकंदाला ४५२ कंपनांच्या आसपास असे. आज जगभर चालणारा ४४० हा आकडा १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरला. फरक बारा कंपनांचाच, पण कानाला तो जवळजवळ अर्ध्या स्वराच्या निम्मा लागतो. बॅरल थोडं बाहेर ओढून हे जमवता येईल असं वाटतं, पण जमत नाही. बॅरल ओढलं की वरच्या भोकांचे स्वर जास्त उतरतात आणि खालचे कमी, कारण खालच्या स्वरांची नळी मुळातच लांब असते. पूर्ण सप्तक वाकडं होतं. एकट्यानं वाजवायचं असेल तर ठीक, पेटीबरोबर मात्र असं वाद्य कधीच बसणार नाही.

काळ्या वाद्यावर 'एल. पी.' होतं, म्हणजे लो पिच. मोकळा स्वर फुसका आला, पण पांढरी चारवरच आला. खालचे स्वर तर वाजतच नव्हते. मला त्याची चिंता वाटली नाही. पॅड बदलता येतात, भोकं कुठे पाडली आहेत ते बदलता येत नाही.

बॅटरीच्या उजेडात दोन्ही जोड आतून-बाहेरून पाहिले. वरच्या जोडावर, बाजूच्या ट्रिल चावीच्या भोकापासून वर गेलेला केसाएवढा तडा सापडला. आतल्या नळीत तो उतरलेला नाही. मास्तरांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि पाच हजारांचे साडेचार केले. वाद्य ठेवायची पेटी नाही, माउथपीस नाही. बेडशीटमध्ये गुंडाळून आणलं.

२७ ऑक्टोबर

आज नुसतं बघणं. उजव्या करंगळीला दोनच चाव्या आहेत, त्यांच्यामध्ये छोटे रूळ. म्हणजे हे अल्बर्ट पद्धतीचं. ब्रुसेल्सच्या युजीन अल्बर्ट यांच्या नावानं ओळखली जाणारी ही चाव्यांची जुनी मांडणी. आज शाळा-कॉलेजांत शिकवतात ती बोहम पद्धत. क्लोझे आणि ब्युफे यांनी ती १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये बसवली, तिच्यात उजव्या करंगळीला चार चाव्या असतात. पाश्चात्य स्वरलिपी वाचून वेगात वाजवायचं तर बोहम सोपी. आपल्या बँडवाल्यांनी मात्र अल्बर्ट सोडली नाही, आणि मला त्यांचं पटतं. हिच्या खालच्या जोडावर फक्त दोन कडी आहेत, बाकी भोकं उघडी. बोट हळूहळू सरकवून मींड घेताना मधे धातू येत नाही. गुरुजींचंही अल्बर्टच, त्यामुळे बोटांची सवय मोडावी लागणार नाही.

लाकूड ग्रेनाडिला असावं. बेलच्या, म्हणजे खालच्या कर्ण्याच्या, आतल्या, न रंगवलेल्या कडेला बारीक रेषा दिसतात. एबोनाइट, म्हणजे कडक रबर, असतं तर रेषा दिसल्या नसत्या आणि घासल्यावर गंधकाचा वास आला असता. ग्रेनाडिला पूर्व आफ्रिकेतलं, टांझानिया-मोझांबिककडचं झाड. आपल्याकडची शिसवी त्याच्याच प्रजातीतली, दोन्ही डाल्बर्जिया. ही गोष्ट पुढे तड्याच्या वेळी उपयोगी पडणार आहे.

३ नोव्हेंबर

भाऊबीज उरकून दुपारी चाव्या काढायला बसलो. बसलो म्हणजे मी आणि आप्पा. आप्पांनी सारी नोकरी मागांवर काढली, आधी गिरणीत आणि मग साखर पेठेतल्या कारखान्यांत फिटर म्हणून. वाद्य त्यांनी कधी हातात घेतलेलं नाही, पण स्प्रिंग, दांडा आणि मळी चढलेला स्क्रू यांच्याशी त्यांची जुनी ओळख आहे.

पुठ्ठ्यावर वाद्याचं चित्र काढलं आणि ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवला. हे करायलाच हवं, कारण सगळे स्क्रू सारखे दिसतात आणि एकही दुसऱ्याच्या जागी नीट बसत नाही. बहुतेक चाव्या सहज निघाल्या. उजव्या करंगळीचा लांब दांडा मात्र गंजून खांबात बसला होता. मी जोर लावणार, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "थांब पोरी. डोकं तुटलं तर मग ड्रिल मारत बसशील." त्यांनी गंजतेलाचा एक थेंब सोडला, डिंक लावायच्या सळईसारखी बारीक सोल्डरिंग इस्त्री खांबाला टेकवून तो कोमट केला, पुन्हा थेंब सोडला आणि रात्रभर ठेवायला सांगितलं.

सकाळी घड्याळजीच्या पेचकसानं दांडा फिरला. आधी किंचित घट्ट करायच्या दिशेला, मग उलट. हे आप्पांचं. गंजाची पकड आधी मोडायची आणि मग काढायचं.

१० नोव्हेंबर

लाकूड. भोकांच्या काठांवर वर्षानुवर्षांची थुंकी, धूळ आणि मेण साठून काळा थर झाला होता. टूथपिकनं आणि लाकडी काड्यांनी तो खरवडला. धातूचं टोक कुठेही लावलं नाही, कारण भोकाच्या काठावर एक ओरखडा पडला तर तिथून हवा गळणार आणि कितीही चांगला पॅड बसवला तरी थांबणार नाही.

मग बदाम तेल. आतून फडक्यानं अगदी पातळ हात, बाहेरून त्याहून पातळ. जवसाचं तेल काही जण सुचवतात. ते सुकून चिकट पापुद्रा होतं, म्हणून नको. खालचा जोड रात्रीत तेल पिऊन कोरडा झाला, म्हणजे किती सुकला होता ते कळलं. सोलापूरची हवा लाकडाला कठीण आहे. मार्चपासून जूनपर्यंत कोरडी भाजणी, मग एकदम पावसाळी ओल. वाजवताना आतून वाफ आणि बाहेरून रखरख. आतलं लाकूड फुगतं, बाहेरचं नाही, आणि तडा तिथूनच जातो.

१६ नोव्हेंबर

तडा बुजवला. पातळ सुपरग्लू आणि शिसवीची भुकटी. भुकटी सुताराकडून आणली. जुन्या शिसवी पलंगाचा पाय तासत होते, त्यांनी कागदात बांधून दिली. तड्यात आधी भुकटी दाबून भरली, मग सुईच्या टोकावरून ग्लूचा थेंब सोडला. तो आपोआप आत ओढला गेला. सुकल्यावर बारीक पॉलिश पेपर, मग तेल. जवळून पाहिलं तर रेषा दिसते. लपवायची नाहीच.

चाव्यांबद्दलही इथेच लिहून ठेवते. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, पॉलिश करून घेणार का? नाही. चाव्या जर्मन सिल्व्हरच्या आहेत, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. चांदीचा कण नाही. वर निकेलचा मुलामा आहे, तो बोटांच्या जागी आधीच झिजलाय. भांडी घासायची पूड, चिंच, लिंबू यांनी उरलेला मुलामाही जाईल आणि खांबांच्या सांध्यात कण अडकतील. कोमट साबणपाणी, मऊ ब्रश, लगेच कोरडं, एवढंच केलं. हिरवा गंज गेला. काळेपणा राहिला, राहू दे. त्यानं स्वर बिघडत नाही.

२४ नोव्हेंबर

स्प्रिंगा. चाव्या परत उचलणाऱ्या सुया खांबात रुतलेल्या असतात. त्यांतल्या काही गंजून तुटल्या होत्या. बाजारात तयार निळ्या सुया मिळतात, पण मुंबईहून मागवाव्या लागतात आणि योग्य जाडी लागेलच असं नाही. जुने कारागीर शिवणाच्या सुया वापरत, म्हणून मंगळवार पेठेतून वेगवेगळ्या नंबरांची पाकिटं आणली.

हे काम आप्पांचं. शिवणाची सुई तशीच लावली तर काचेसारखी तडकते, इतकी कडक असते. ती तापवून थोडी उतरवावी लागते. त्यांनी पितळी पट्टीवर सुई ठेवली आणि पट्टीला खालून स्पिरिटच्या दिव्याची आच दिली. सुईचा रंग गवती पिवळा झाला, मग तपकिरी, मग जांभळा, आणि निळा आला त्या क्षणी त्यांनी ती पट्टीवरून ढकलली. त्या निळ्याला साधारण तीनशे अंश असतात. त्यापुढे करडा रंग आला की सुई मऊ पडते, स्प्रिंगचं काम करत नाही. मग नेढ्याकडचं टोक तोडून फक्त तेवढंच लाल तापवलं, ऐरणीवर हातोडीनं किंचित चपटं केलं आणि पक्कडीनं खांबाच्या भोकात दाबलं. चपटेपणामुळेच ते आत घट्ट बसतं. शेवटी सुईला हलका बाक. जास्त बाक दिला तर चावी बोटाला जड लागते, कमी दिला तर पॅड पूर्ण उघडत किंवा मिटत नाही.

आप्पांनी प्रत्येक चावी करंगळीनं दाबून पाहिली. "सगळ्यांचं वजन सारखं लागलं पाहिजे," ते म्हणाले. मागावर ते हेच तपासत.

१ डिसेंबर

त्या गंजलेल्या दांड्याचे आटे गेले होते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागांचे सुटे भाग करणाऱ्या एका टर्नरकडे नेला. जुना दांडा बघून त्यांनी दोन मिलिमीटरच्या सिल्व्हर स्टीलचा नवा करून दिला. आटे कुठल्याच चालू मापाचे नव्हते, तेव्हा जुन्याशी ताडून लेथवर कापले. पैसे घेईनात, शेवटी चहाचे म्हणून घेतले. या शहरात क्लॅरिनेट दुरुस्तीचं दुकान मला सापडलं नाही, पण त्यासाठी लागणारा हात लेथवर आहे, पेटीवाल्याकडे आहे, घड्याळजीकडे आहे. फक्त फिरायची तयारी लागते.

८ डिसेंबर

जोडांवरची बुचं. इथे गॅस्केटचा कॉर्क मिळतो, पण तो भुकटी चिकटवून केलेला असतो, वाकवला की तुटतो. अखंड सालीचा पत्रा मुंबईहून मागवला, १.६ मिलिमीटर जाडीचा. पट्टी कापली, एक टोक तिरपं तासलं, चपला चिकटवायच्या सोल्यूशननं बसवली, दुसरं टोक त्यावर चढवलं आणि पॉलिश पेपरनं उतरवत नेलं. जोड फिरवताना हात घट्ट लागावा, पण चाव्या मुठीत आवळाव्या लागू नयेत. ग्रीस म्हणून मधमाशीचं मेण आणि बदाम तेल एकत्र वितळवून डबीत भरलं. पेट्रोलियम जेली लावू नका, बुचाखालचं चिकटवण त्यानं सुटतं.

१५ डिसेंबर

पॅड. सगळं काम याच्यासाठी होतं.

क्लॅरिनेटचा पॅड म्हणजे पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर लोकर आणि त्यावर प्राण्याच्या आतड्याचं पारदर्शक पातळ कातडं. कप मोजून मापं पाठवली होती. वरच्या जोडाला नऊ-दहा मिलिमीटरचे लागतात, खालच्याला सतरापर्यंतचे.

चिकटवायला चपडा. सुतार पॉलिशला वापरतात तीच लाख. मेणावरही पॅड बसतात आणि बँडवाले तसे बसवतात, पण मे महिन्यात ४३-४४ अंशांत मेण मऊ पडून पॅड कपात सरकतो. चपडा पंचाहत्तर अंशांच्या पुढे मऊ होतो, तोवर हलत नाही. शिवाय पुन्हा तापवला की पॅड पुन्हा फिरवता येतो, म्हणून सुपरग्लूपेक्षा कितीतरी बरा.

पद्धत अशी. कपात चपड्याचा तुकडा टाकायचा, कप दिव्यावर धरून तो वितळवायचा आणि पॅड ठेवायचा. चावी वाद्यावर चढवायची आणि पॅड भोकावर अलगद टेकवायचा. कपाला बाहेरून पुन्हा थोडी ऊब द्यायची, म्हणजे पॅड लाखेवर तरंगतो आणि भोकाच्या काठाला समांतर होतो. निवेपर्यंत हात हलवायचा नाही. लाकडाला आच लागू नये म्हणून मधे ओल्या पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा.

मग कागद. पतंगाच्या कागदाची निमुळती पट्टी पॅडखाली घालायची, चावी फक्त स्प्रिंगच्या जोरावर मिटू द्यायची आणि पट्टी हळूच ओढायची. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी. चारी दिशांना सारखी अडकली पाहिजे. एका बाजूनं सटकली तर तिथे फट आहे. पुन्हा ऊब, पुन्हा पट्टी. बोटानं चावी दाबून फट मिटवायची नाही. आज मिटते, आठवड्यानं पुन्हा गळते आणि वाजवणाऱ्याला जोर लावायची सवय लागते.

अकरावीच्या मुलांना मी नळीतल्या ध्वनिलहरी शिकवते, आणि पॅडचं महत्त्व तिथूनच कळतं. बोटं मिटत गेलो की नळी लांब होते आणि स्वर उतरतो. हवेसाठी नळी संपते ती पहिल्या उघड्या भोकाशी. वरच्या जोडावर एक पॅड केसभर गळला तर खालच्या सगळ्या स्वरांना तिथेच खीळ बसते. मास्तरांच्या खोलीत खालचे स्वर वाजत नव्हते ते खालच्या पॅडमुळे नव्हे, वरच्यामुळे. म्हणून वरून खाली जायचं आणि एक पॅड पक्का झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही.

२२ डिसेंबर

खालच्या जोडाचे मोठे पॅड. हे जास्त वेळ घेतात, कारण कप मोठा असला की थोडासा तिरकसपणाही काठाशी मोठी फट होतो. एका भोकाच्या काठाचा टवका उडालेला निघाला. शिसवीची भुकटी आणि सुपरग्लू भरून, काचेवर चिकटवलेल्या बारीक पॉलिश पेपरच्या चकतीनं तो सपाट केला.

२८ डिसेंबर

ओढून पाहायची चाचणी. वरच्या जोडाचं खालचं तोंड तळव्यानं बंद केलं, सगळी भोकं बोटांनी मिटली आणि वरून हवा ओढली. जोड ओठांना चिकटून राहिला पाहिजे, आणि सोडल्यावर टप असा आवाज आला पाहिजे. वरचा राहिला. खालचा दोन-तीन सेकंदांत सुटत होता. अंधाऱ्या खोलीत बारीक दिव्यांची माळ नळीत सोडली. करंगळीच्या एका पॅडखाली उजेडाची रेघ दिसली. तेवढाच पुन्हा तापवून बसवला. आता दोन्ही धरतात.

५ जानेवारी २०२५

वाजलं. पहिल्या दिवशी दहाच मिनिटं, कारण इतकी वर्षं पडून असलेल्या लाकडाला एकदम ओल देणं म्हणजे नवा तडा ओढवून घेणं. वाजवून झालं की आतून पुसायचं, जोड सुटे करायचे आणि बुचं कोरडी करून ठेवायची. मिनिटं दर आठवड्याला वाढवणार आहे.

पत्ती अडीच नंबरची. खालचा सप्तक भरदार, थोडा खरखरीत, जसा मला आवडतो. अंगठ्याची रजिस्टर चावी उघडली आणि सुरात उडी लागली. बासरी जोरात फुंकली की सा वरून वरचा सा येतो. क्लॅरिनेट तसं करत नाही. एका टोकाला मिटलेल्या सरळ नळीत विषम गुणकांचेच स्वर उभे राहतात, म्हणून सा वरून थेट तार पंचमाला जातं. त्यामुळे मधल्या स्वरांसाठी इतक्या चाव्या लागतात, आणि त्यामुळेच या वाद्याचा पल्ला गळ्यापेक्षा मोठा आहे. रायचूरच्या पंडित नरसिंहलू वडवाटींनी त्यावर हिंदुस्थानी राग मांडले. सोलापूरहून रेल्वेनं खाली गेलं की वाटेतलंच गाव ते.

आप्पा शेजारी बसून ऐकत होते. मुखडा झाल्यावर म्हणाले, "खालच्या जोडाचं एक कडं खटखट करतंय." खरं होतं. कड्याखाली बुचाचा पातळ तुकडा लावला, आवाज गेला.

१९ जानेवारी

गड्ड्याच्या यात्रेत मास्तरांची पार्टी मिरवणुकीला होती, म्हणून आठवडाभर थांबले. आज त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी आधी वाद्य हातात तोललं, मग एकेक चावी कानाशी धरून मिटली आणि मगच ओठाला लावलं. भूपाचे चार आलाप घेतले. बोट सरकवून गंधारावरून पंचमावर गेले तेव्हा मधे कुठेही खाच नव्हती.

"पॅड कुणी बसवले?"

"मी. स्प्रिंगा आप्पांनी."

"लाखेवर?"

"हो, चपड्यावर."

त्यांनी मान हलवली. त्यांच्याकडची आणखी दोन वाद्यं गळतात, लग्नसराई संपली की बघशील का, म्हणून विचारलं. हो म्हटलं आहे. मेच्या सुट्टीत करू.

मग त्यांनी एक दोष दाखवला. मधल्या सप्तकात वरच्या जोडावरचा एक स्वर थोडा चढा लागतो. घरी येऊन पेटी आणि ट्यूनर दोन्हींशी ताडून पाहिलं. सोळा सेंट चढा (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट). भोक जितकं मोठं तितका स्वर चढा, तेव्हा त्या भोकाच्या आतल्या, माउथपीसकडच्या भिंतीला मेणाचा पातळ थर दिला. आता सहा सेंट चढा आहे. मेण आणखी वाढवलं तर आवाज गुदमरतो, म्हणून इथेच थांबले. उरलेलं ओठानं उतरवता येतं. उन्हाळ्यात मेण सरकलं तर त्या जागी चपडाच लावणार.